सूचना भरपूर, माहिती थोडी

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि घर

सहावी ते आठवीच्या मुलांच्या घरच्यांना शाळेतले काय कळते, काय कळत नाही आणि कळण्यात अडते कोठे, असे आम्ही वाचकांना विचारले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. उत्तरे देताना मी माझ्या अध्यापनाच्या आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून केलेल्या कामाच्या अनुभवाचा आधार घेतला आहे.

पहिली-दुसरीतले मूल दप्तर खाली ठेवण्याआधीच शाळेतले सगळे सांगून टाकते. सातवीतल्या मुलाला विचारले, तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. नेमक्या याच वयात एका वर्गशिक्षकाच्या जागी पाच-सहा विषयशिक्षक येतात आणि अभ्यास असा अवघड होतो की अनेक आईवडिलांना तो आपल्या आवाक्याबाहेरचा वाटू लागतो. मूल सांगेनासे होते आणि शाळाही फारसे सांगत नाही. पुढच्या बहुतेक पत्रांचे मूळ येथे आहे.

प्रश्न : बाई, सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ५२ मुले आहेत. पालकांचा व्हॉट्सॲप गट केला आहे आणि त्यावर रोज न चुकता सूचना टाकते. तरीही पहिल्या सत्राच्या पालकसभेला ११ पालक आले आणि त्यांतल्या चौघांनी ‘शाळेतले आम्हांला काही कळतच नाही’ असे सुनावले. मी आणखी काय करायला हवे?

उत्तर : तुमची तळमळ मला समजते, कारण हेच वाक्य मीही ऐकले आहे आणि ते ऐकून दुखावलेही आहे. आणखी काही करण्याआधी एक काम करा. गेल्या महिन्यात तुम्ही गटावर टाकलेले सगळे संदेश एका बैठकीत पुन्हा वाचा आणि प्रत्येकाविषयी ठरवा, की हा संदेश काही आणायला किंवा भरायला सांगणारा आहे, एखाद्या कार्यक्रमाची छायाचित्रे दाखवणारा आहे, की मूल काय शिकत आहे हे सांगणारा आहे. आमच्या शाळेत आम्ही सर्व शिक्षकांनी हे केले, तेव्हा आधारकार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक, गणवेश, सुट्टी, जयंतीचा कार्यक्रम आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांची रांगच लागली. शिकण्याविषयीचे संदेश मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता आले. त्या चार पालकांचे म्हणणे खरे आहे. त्यांना सूचना मिळतात, माहिती मिळत नाही.

हा फरक माझ्या मनाचा नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती आणि अन्य संबंधित माहिती सांगणे हे एक आहे. यात केंद्रस्थानी मूल आहे, कार्यक्रम नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की रोजचे संदेश कमी करा आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एकच पत्र पाठवा. ते इतके छोटे असावे की शेतातून परतलेल्या माणसाला उभ्याउभ्या वाचता येईल. नमुना देते : ‘या आठवड्यात सातवीत गणितात सरळव्याज सुरू झाले. मुद्दल, दर आणि मुदत दिली असता व्याज काढणे बहुतेक मुलांना जमले आहे. व्याजावरून दर काढताना मुले अडखळतात. घरात कोणी बचत गटात असेल, तर गटाच्या कर्जावर व्याज कसे आकारतात ते मुलाला सांगावे. मुलाने ते वहीत मांडून सोमवारी आणावे. पुढच्या शुक्रवारी २० गुणांची चाचणी आहे.’

बचत गटाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. आमच्या शाळेत असे पत्र गेल्यावर एका आईने मुलाला सांगितले, की आमच्या गटात शेकडा दोन रुपये महिन्याचे व्याज असते. मुलाने वर्गात फळ्यावर मांडले : ५,००० रुपयांना महिन्याचे १०० रुपये, वर्षाचे १,२०० रुपये, म्हणजे दर साल दर शेकडा २४. पुस्तकातल्या उदाहरणांतले दर आणि घरातला हा दर यांतला फरक पाहून वर्ग विचारात पडला. ती आई चौथीपर्यंत शिकलेली होती आणि गणितात आपला काही उपयोग नाही, असे तोवर मानत आली होती. पुढच्या सभेला ती न बोलावता आली. घरच्यांना माहिती द्यायची ती अशासाठी, की त्यांना आपल्या मुलाच्या शिकण्यात हात घालता यावा. ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ या वाक्याने ते कधीच होत नाही, कारण लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यात सांगितलेले नसते.

आता साधनाविषयी थोडे. गटावर फक्त शिक्षकांना लिहिता येईल अशी सोय लावून घ्या, म्हणजे शनिवारचे पत्र ‘धन्यवाद मॅडम’च्या गर्दीत बुडणार नाही, पालकांना काही विचारायचे असेल, तर त्यांनी तुम्हांला स्वतंत्रपणे लिहावे. काही शिक्षक गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरतात, परंतु तुमचा क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला त्या यादीवरचा संदेश मिळतच नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटते की सर्वांना मिळाला. ज्या घरी स्मार्टफोन नाही, किंवा असला तरी दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, त्यांच्यासाठी तेच पत्र फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्या आणि खाली घरच्यांची सही किंवा अंगठा मागा.

सभेच्या उपस्थितीबद्दल एक विचारते, रागावू नका. सभा कोणत्या दिवशी आणि किती वाजता होती? सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली, तर येणाऱ्याचा एक रोज बुडतो. आम्ही सभा आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवू लागलो, कारण त्या दिवशी माणसे गावात येतातच. उपस्थिती लगेच दुप्पट झाली असे मी म्हणणार नाही, पण जे कधीच आले नव्हते असे चेहरे दिसू लागले.

प्रश्न : माझा मुलगा पिंपरी-चिंचवडमधील एका मराठी शाळेत सहावीत आहे. त्याच्या प्रगतिपुस्तकात गणिताला ‘ब-१’ श्रेणी आहे आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘सराव वाढवावा’ असे लिहिले आहे. पालकसभेत पाच मिनिटे मिळाली आणि तीही ‘हुशार आहे, पण मस्ती करतो’ यात संपली. या श्रेणीवरून मी काय समजायचे?

उत्तर : आधी श्रेणीचा अर्थ पाहू. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आली. तिच्यात दोन भाग असतात. आकारिक मूल्यमापन वर्षभर वर्गात चालते : शिक्षकांचे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पाचवी-सहावीला या दोन भागांना प्रत्येकी ५० टक्के भार आहे. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० टक्के. दोन्हींची बेरीज ७१ ते ८० टक्क्यांत आली, की ‘ब-१’ मिळते.

आता अडचण लक्षात घ्या. समजा, दोन मुलांना ७५ गुण आहेत. एकाला आकारिकमध्ये ४५ आणि संकलितमध्ये ३०. दुसऱ्याला नेमके उलट. दोघांची श्रेणी एकच, पण गरजा अगदी निराळ्या. पहिला वर्गात समजून घेतो, बोलतो, करून दाखवतो आणि कागदावर मांडताना गडबडतो; दुसरा परीक्षेपुरता अभ्यास करतो आणि वर्षभर वर्गात मागे राहतो. एकट्या ‘ब-१’ वरून तुमचा मुलगा यांतला कोणता, हे कळणार नाही. तेव्हा शिक्षकांना दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे विचारा आणि संकलितची उत्तरपत्रिका दाखवण्याची विनंती करा. तो आगाऊपणा ठरत नाही. मूल्यमापनाचा तो हेतूच आहे.

‘सराव वाढवावा’ ही नोंद मात्र मला मनापासून खटकते. वर्णनात्मक नोंदी आल्या त्या आकड्यापलीकडचे काही सांगता यावे म्हणून, आणि आज कित्येक शाळांत त्या तयार याद्यांतून उतरवल्या जातात. शिक्षकांवर कामाचा बोजा किती आहे हे मी जाणते. साठ मुलांच्या साठ वेगळ्या नोंदी करायला वेळ लागतो हेही खरे. पण ‘अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करायला विसरतो’ ही नोंद करायला ‘सराव वाढवावा’पेक्षा अर्धा मिनिट जास्त लागते आणि तिच्यामुळे घरी एक संध्याकाळ कारणी लागते. तुम्ही पुढच्या सभेत एवढेच विचारा : ‘मागच्या सत्रात त्याला येत नव्हते असे आता काय येते, आणि अजून नेमके काय येत नाही?’ असा प्रश्न विचारल्यावर मस्तीचा विषय आपोआप मागे पडतो.

त्या पाच मिनिटांबद्दलही सांगते. आमच्या शाळेत आम्ही एक बदल केला, तो मला नोकरीच्या सगळ्या वर्षांतला सर्वांत समाधानाचा वाटतो. सभेत शिक्षकाऐवजी आधी मूल बोलू लागले. आदल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या वह्यांतून एक मनासारखे जमलेले आणि एक फसलेले काम निवडायचे, आणि सभेत ते घरच्यांना समजावून सांगायचे. शिक्षकांनी शेवटी भर घालायची. सातवीतल्या एका मुलाने वस्तीवरच्या विहिरीची पाणीपातळी दर रविवारी दोराने मोजून तिचा आलेख काढला होता. तो दाखवत असताना, सभेत कायम भिंतीकडेला बसणारी त्याची आजी मध्येच म्हणाली, की पौषातले हे माप चुकले आहे, तेव्हा शेजारच्या मळ्यात मोटार चालू होती, म्हणून पाणी खाली गेले होते. मुलाने तेथेच आलेखाखाली ती टीप लिहिली. ‘बारा वर्षांचे मूल स्वतःच्या उणिवा काय सांगणार’, अशी शंका काही शिक्षकांनी सुरुवातीला घेतली होती. अनुभव असा, की मुले आपल्याहून अधिक प्रामाणिकपणे सांगतात. फक्त सांगितल्यावर घरी मार बसणार नाही, याची खात्री त्यांना हवी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदींबरोबर मुलाचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन असावे, असे म्हटले आहे. तुमच्या शाळेला हे तुम्ही सुचवू शकता.

प्रश्न : माझी मुलगी आता नववीत आहे. आठवीत असताना शिष्यवृत्तीची एक परीक्षा असते, हे तिच्या मैत्रिणीला चारच महिन्यांपूर्वी कळले, आणि मला तिच्याकडून. आमचे उत्पन्न कमी आहे. शाळेने हे सांगायला नको होते का? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : सांगायलाच हवे होते. ही राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे ‘एनएमएमएस’. आठवीत शिकत असतानाच ती देता येते, म्हणून तुमच्या मुलीची संधी गेली, याचे मला वाईट वाटते. धाकटे भावंड असेल तर पुढील तपशील जपून ठेवा, आणि नसेल तर शेजारच्या घरी सांगा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतील ज्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत आहे आणि ज्याला सातवीत किमान ५५ टक्के गुण आहेत, त्याला ती देता येते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५० टक्के आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. राज्यात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि अर्ज शाळेमार्फत भरला जातो.

शिक्षकांनी यातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुणांची अट सातवीची आहे, म्हणजे ही माहिती आठवीत अर्ज सुटल्यावर दिली तर ती निम्मी वाया जाते. ती सातवीच्या जूनमध्ये, उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो या इशाऱ्यासह, घरोघरी गेली पाहिजे. आणि ‘हुशार’ म्हणून निवडलेल्या पाच-सहा मुलांच्या घरीच ती पाठवणे हा उरलेल्यांवर अन्याय आहे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका गावातून हे पत्र नातवाकडून लिहून घेत आहे. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नातू सातवीत, नात सहावीत. दोघे माझ्याजवळ राहतात. मला वाचता येत नाही. शाळेचे निरोप मुलाच्या फोनवर जातात, तो तिकडे फडात असतो. एकदा नात आठ दिवस शाळेत गेली नाही, ते मला ठाऊक नव्हते. गुरुजी म्हणाले, ‘आम्ही मेसेज केला होता.’

उत्तर : आजी, तुम्ही हे पत्र लिहून घेतलेत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. गुरुजींनी निरोप धाडला हे खरे, पण तो जिथे मूल राहते तिथे आला नाही. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असेपर्यंत, म्हणजे साधारण पाच महिने, तुमच्या नातवंडांचे पालक तुम्ही आहात, आणि शाळेच्या दफ्तरात तशी नोंद हवी. नातवाला घेऊन शाळेत जा आणि वर्गशिक्षकांना सांगा, की ऊसतोडीच्या काळात निरोप माझ्याकडे यावा. तुमच्याकडे साधा फोन असला तरी पुरे. नसेल तर शेजारच्या भरवशाच्या घरातला क्रमांक द्या. मूल सलग दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन करावा किंवा वस्तीवरच्या दुसऱ्या मुलाबरोबर तोंडी निरोप पाठवावा, असे गुरुजींकडून कबूल करून घ्या.

मुलाच्या फोनवर निरोप जाणे बंद करू नका, कारण तोही बाप आहे आणि दूर राहून त्याचा जीव इकडेच असतो. पण फडातला दिवस पहाटे सुरू होतो आणि गाडी भरेपर्यंत संपत नाही. लांबलचक मजकूर वाचायला त्याला सवड कोठे? शिक्षकांनी आठवड्यातून एकदा मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवावा, आणि जमल्यास त्यात मुलीला तिने शिकलेल्या कवितेचे एक कडवे म्हणू द्यावे. एका शिक्षकांना मी हे करताना पाहिले आहे. रात्री कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, सगळी टोळी तो निरोप ऐकत असे.

कोणा वर्षी मुलांना बरोबर न्यावेच लागले, तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे त्यात असते, आणि कारखान्याजवळच्या शाळेने त्याला त्यावरून बसवून घ्यायचे असते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. गावात हंगामी वसतिगृहाची सोय चालू आहे का, हेही सरपंचांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे विचारा. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. ज्या गावातली निम्मी घरे ऊसतोडीला जातात, त्या गावच्या समितीत मागे राहणाऱ्या एखाद्या आजीला जागा असावी, असे मला फार वाटते.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत चाचणीचे गुण नावांसह पालकांच्या गटावर टाकतात, आणि गृहपाठ राहिला तर तोही तेथेच कळवतात. मला माहिती हवी आहे, पण मुलगी आता म्हणते, ‘शाळेत मी शिंकले तरी तुला कळतं.’ आम्हा दोघींतले बोलणेच कमी झाले आहे. (नाशिक)

उत्तर : मुलगी जे म्हणते आहे ते ऐकण्यासारखे आहे. माहिती हवी म्हणजे प्रत्येक हालचालीची बातमी हवी असे नाही. आणि एका मुलीचे गुण ५० घरांना कळवणे हे तर माहिती देणेही नव्हे. ज्या घरी ते कळायला हवेत ते घर एकच आहे. इतर ४९ घरांत त्यांचा उपयोग तुलनेपुरता होतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना या तुलनेचे जे घाव बसतात ते आम्ही शिक्षकांनी पुष्कळ पाहिले आहेत. शाळेला शांतपणे लिहा, की गुण, गैरहजेरी, शिस्त, प्रकृती आणि शुल्क यांपैकी काहीही गटावर येऊ नये. ते वहीतून, फोनवरून किंवा भेटीत कळवावे. छायाचित्रांचेही तसेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची धरतो. कायद्याच्या तपशिलात न शिरताही शाळेला इतके कळायला हवे, की मुलीचे छायाचित्र गटावर टाकण्याआधी विचारावे.

गृहपाठाच्या बाबतीत मी शिक्षकांना एक क्रम सांगत आले आहे. पहिल्यांदा राहिला तर मुलाशी बोला. पुन्हा राहिला तर मुलालाच वहीत लिहू द्या, की काय राहिले आणि केव्हा पूर्ण करीन, आणि त्यावर घरच्यांची सही आणू द्या. तरीही राहू लागला, तर फोन करा, कारण मग अडचण गृहपाठाची नसते. घरी काही घडले असते, विषय मुळातच कळत नसतो किंवा दृष्टी कमी झाल्याने फळा दिसत नसतो. आठवीत असे प्रश्न वेळीच कळणे विशेष गरजेचे आहे, कारण २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली आहे. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते, पण तीतही तो उत्तीर्ण झाला नाही, तर त्याच वर्गात राहतो. घरच्यांना हे निकालाच्या दिवशी कळता कामा नये.

तुम्ही घरी मुलीबरोबर बसून ठरवा, की शाळेकडून तुम्हांला काय कळावे आणि काय ती स्वतः सांगेल. तिने स्वतः सांगायचे ठरवलेले तुम्हांला दोन दिवस उशिरा कळले, तरी चालू द्या. एकच गोष्ट या वाटाघाटीबाहेर ठेवा : कोणी त्रास देत असेल, स्पर्शाने वा फोनवरून, तर ते गुपित राहणार नाही. ते तिने तुम्हांला सांगावे, शिक्षकांना सांगावे किंवा १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर सांगावे. शिक्षकांनाही असे काही कळले, तर त्यांनी थांबता कामा नये.

प्रश्न : मी पुण्यात चार घरची धुणी-भांडी करते. माझा मुलगा पंचवीस टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत लागला, आता सहावीत आहे. शाळेचे सगळे इंग्रजीतून येते. मुलगा वाचून सांगतो, पण त्याला जे सांगायचे तेवढेच सांगतो. मिटिंगला गेले तर सगळे इंग्रजी बोलतात, म्हणून जात नाही.

उत्तर : ताई, तुम्ही जाणे सोडू नका. मुलाला कायद्याने तेथे जागा मिळाली आहे आणि त्याची आई म्हणून तुमचीही जागा तेथे आहे. खासगी शाळेत दरवर्षी शाळा सुरू झाली की पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो आणि शाळेतला प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. वर्गशिक्षिकेला सभेच्या गर्दीत न गाठता वेगळी वेळ मागा. पुण्यातल्या शाळेत मराठी बोलणारे कोणी ना कोणी असतेच.

शाळांना माझे सांगणे आहे, की मुलाला दुभाषा करू नका. स्वतःच्या तक्रारीचे भाषांतर मुलाने आईला करून द्यावे, ही अपेक्षा मुलावरही अन्याय करते आणि आईवरही. महत्त्वाची सूचना मराठीत आणि हिंदीतही पाठवायला दहा मिनिटे लागतात. आणि ताई, तोवर एक करा. फोनवर बोलून निरोप पाठवता येतो ना, तसा वर्गशिक्षिकेला मराठीतून पाठवा : ‘मी अमुकची आई. या आठवड्यात तो काय शिकला आणि त्याला काय जमले नाही, ते मला मराठीत बोलून कळवाल का?’ उत्तर आले नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा, आणि तरीही आले नाही, तर मला लिहा.